2083 टप्पे

माझी मुलगी न्यू जर्सीला शिकायला निघाली तेव्हा आमच्या आण्णांनी एकच प्रश्न विचारला. "टप्पे किती?"

आण्णा स्वारगेट डेपोचे निवृत्त कंडक्टर. एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा आणि त्यांचं सगळं जग त्याच मापानं मोजलेलं. मुंबई ते न्यू जर्सीशेजारचं न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर, असं मी सांगितल्यावर त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडला. 2083 टप्पे! त्याखाली दोन रेघा मारल्या, वेबिलाखाली, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदाखाली माराव्यात तशा.

मग गाडी वेळेच्या हिशेबावर अडली. मुंबईहून रात्री दीडला निघालेलं विमान सोळा तास उडून तिकडे सकाळी आठला उतरणार, तेही त्याच तारखेला. येताना दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांत परत, पण इथे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा. दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेनऊ तासांचा फरक आण्णांनी पटकन पचवला. जाता-येतानाचा दीड तास मात्र पचेना. "रस्ता तोच ना? मग?"

पृथ्वी खालून फिरते म्हणून असेल, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर टेरेसवरच्या दोरीवर एक कपडा राहिला नसता. खरी गोष्ट वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर.

आण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे खंबाटकी! आमच्या वेळी पुण्याहून जाताना घाट, येताना बोगदा."

नकाशावर मात्र ते चिडलेच. विमान अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असं आडवं जाईल ही त्यांची खात्री होती. मी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून दाखवला. मुंबईवर एक टोक, न्यूयॉर्कवर दुसरं. दोरा आपोआप सरकत वर गेला, रशिया, नॉर्वे करत थेट आइसलंडच्या जवळून. त्यांनी स्वतः बोटानं खाली ओढून पाहिला. सोडला की परत वर. गोल वस्तूवरचा जवळचा रस्ता सपाट कागदावर वळसा दिसतो, एवढंच. (विमानं अगदी दोऱ्यावरून जात नाहीत. वारा आणि कुणाचं आकाश कुणाला बंद आहे, हे पाहून सरकतात.)

"वळसा घालून लवकर पोचायचं," आण्णा पुटपुटले, "आमचे ट्रॅफिक कंट्रोलर ऐकले नसते."

ती गेली त्या सकाळी साडेदहाला आण्णा माझा मोबाइल घेऊन बसले होते. निळ्या समुद्रावर पिवळं विमान, नॉर्वेच्या पलीकडे. हललेलं कळत नव्हतं.

"बाराशे झाले," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मधे चहाला कुठे थांबत नाही ना ही?"