'गुंडा' आणि खारचं पब्लिक

कांती शाह यांचा १९९८ चा 'गुंडा' पडद्यावर आणि बाजूला चालू सिनेमाची टर उडवायला माईक घेऊन बसलेले दोघे कॉमेडियन. खारचा तो छोटा हॉल गच्च भरला होता. मी मात्र जास्त वेळ पब्लिककडेच बघत होते. मुकेश ऋषीचा बुल्ला दिसला की अख्खा हॉल त्याचे यमकातले संवाद त्याच्याआधीच म्हणायचा. शेजारचे काका खास डोंबिवलीहून आलेले, ओळीओळीला मांडीवर ताल धरत होते. मध्येच एकाने मिथुनच्या नाचावर टोमणा मारला, तर मागून आवाज आला, "ए, दादाला काही बोलायचं नाही!" सगळ्यात जोरात टाळ्या त्यालाच पडल्या.

मला हे मनापासून आवडलं. सिनेमाची टर उडवायची तर तो आधी पाठ हवा, आवडायला हवा. अमेरिकेत 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हा पडेल सिनेमांची टर उडवणारा टीव्ही कार्यक्रम १९८८ मध्ये मिनियापोलिसच्या एका लोकल चॅनेलवर सुरू झाला. त्यातलीच काही मंडळी पुढे 'रिफट्रॅक्स' नावाने लाइव्ह खेळ करू लागली. त्यांचे विनोद आधी लिहून संवादांच्या मधल्या जागांत नेमके बसवलेले असतात. आपले दोघे संवादावरच बोलत सुटले, त्यामुळे कितीतरी चांगले विनोद ऐकूच आले नाहीत. वाईट वाटलं.

जिन्यात काका म्हणाले, "अहो, पुढच्या वेळी नव्वदच्या दशकातला एखादा पडेल मराठी सिनेमा लावायला सांगा." मी आयोजकांना तसं कळवलंय.