पंधरा वर्षांची डिझेल इंडिका आणि पासिंग : माझा अनुभव

आमची इंडिका २००९ ची, डिझेल, एमएच ११, म्हणजे साताऱ्याची. २०२४ मध्ये आरसीची, म्हणजे नोंदणीची, पंधरा वर्षं भरत आली तेव्हा घरात दोन तट पडले. धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, देऊन टाक भंगारात. डिझेल गाडीला दहा वर्षांनंतर बंदीच आहे आता." ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर पट्ट्यातली, हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून सुरू झालेली. आपल्याकडे खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करून मिळते, पाच वर्षांसाठी. कागदाची अडचण नव्हतीच, अडचण गाडीची होती. सकाळी उठायची नाही, उठली की पांढरा धूर, आणि रस्त्यावर चढ लागला की मागच्या दुचाकीवाल्याने तोंडाला रुमाल लावावा इतका काळा धूर.

पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीच्या, केंद्रावर रीडिंग आलं ३.४. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा २.४५. हा आकडा धुरातून उजेड किती अडतो त्याचा असतो. पाइपमध्ये नळी घालतात, गाडी स्लोवर ठेवून ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबतात, असं पुन्हा पुन्हा करून सरासरी काढतात. जुन्या गाड्यांना हे दर सहा महिन्यांनी करावं लागतं. पीयूसी नाही तर नूतनीकरणही नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने सायलेन्सरकडे बघितलं आणि निकाल दिला, "इंजिन बांधावं लागेल, साहेब." बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. इंजिन बांधणं म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेड आणि गाडीच्या आजच्या किमतीइतका खर्च. ते काम करायचं की नाही हे ठरवायला एक फुकटची तपासणी आहे आणि ती कुणालाही जमते. गाडी गरम करायची, स्लोवर चालू ठेवायची, ऑइल टाकायचं झाकण फिरवून सोडवायचं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवायचं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर ज्वलनाचा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भागात, उतरतो, तो वर येऊन झाकण उडवतो. थोडं थरथरणं डिझेलला चालतं. आमचं झाकण थरथरत जागेवर राहिलं. त्यात ऑइलही एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत फारसं कमी होत नव्हतं, ऑइल जळल्याचा निळसर धूरही नव्हता. मग इंजिन कशाला उघडायचं?

तिथून मी कोरेगाव रस्त्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आयुष्य डिझेलच्या वासात गेलेला माणूस. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न गाडीबद्दलचा नव्हताच. "गाडी रात्री लावता कशी? तोंड वर का खाली?"

आमचं घर समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला, यवतेश्वरकडे चढत जाणाऱ्या बाजूला. साताऱ्यात सपाट जागेवर गाडी लावणं नशिबाचा भाग. मी तोंड चढाकडे करून लावायचो. मामा म्हणाले, आठवडाभर तोंड उताराकडे करून लावा आणि मग या. लावली, आणि सकाळी गाडी दुसऱ्या सेल्फला उठायला लागली.

कारण असं की टाकी मागे, पंप पुढे. तोंड वर असलं की टाकी पंपाच्या बरीच खाली जाते. लाइनमध्ये कुठेही बारीक फट असेल तर तिथून हवा शिरते आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत ओघळतं. सकाळी पंपाला डिझेल नाही, हवा मिळते. गॅरेजच्या भाषेत गाडी एअर धरते. तोंड खाली असलं की डिझेल पंपाकडेच राहतं. अशा फटीतून चालू गाडीत डिझेल बाहेर गळेलच असं नाही, कारण पंप ओढत असतो. हवा आत जाते, थेंब बाहेर येत नाही. म्हणून खाली पुठ्ठा टाकून डाग शोधणारे फसतात.

फट शोधायला मामांनी वीतभर पारदर्शक पाइप घेतला, डिझेल चालेल असा. डिझेल फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाइप काढून तो जोडला आणि गाडी चालू केली. पिवळसर डिझेलमधून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक सरकत होते. मग एकेक जोड हलवून बघितला. टाकीकडून येणारी लाइन फिल्टरला मिळते तिथला रबर बोटाने दाबला की बुडबुडे थांबायचे, सोडला की सुरू. पाइप काढून वाकवला तर क्लिपच्या खाली केसासारख्या चिरा. नवा पाइप, नव्या क्लिपा. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या डोक्यावरून जाणाऱ्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्याही कडक झाल्या होत्या, त्याही त्याच दिवशी बदलल्या. दोन्ही मिळून खर्च इतका किरकोळ की मामांनी तो वेगळा लिहिलाही नाही.

पाइप बदलल्यावर एअर काढावी लागते. फिल्टरच्या वरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं, फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत. आमच्यासारख्या जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीत गरज पडली तर नोझलचा नटही सैल करून सेल्फ मारतात. कॉमन रेल, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीत हे कधीही करू नका. तिथे चालू इंजिनात नोझलच्या लाइनमधला दाब हजार बारच्याही वर जातो. बारीक धार कातडीतून आत घुसते आणि बोट जायची वेळ येते. यूट्यूबवर बघून स्विफ्ट डिझेलवर पाना चालवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सकाळचा पांढरा धूर मात्र गेला नव्हता. थंडीत साताऱ्याची पहाट चांगली झोंबते, आणि या इंजिनला चालू होताना हीटर प्लग लागतातच, कारण डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि तो कप्पा गार असला की डिझेल न जळताच बाहेर पडतं. ते न जळलेलं डिझेल म्हणजेच तो पांढरा धूर. वास डोळ्याला झोंबणारा. गाडी गरम झाल्यावरही पांढराच धूर असेल, गोडसर वास असेल आणि कुलंट कमी होत असेल तर प्रकरण हेडखालच्या पॅकिंगचं, म्हणजे हेड गॅस्केटचं. तिथे चालढकल करू नये.

हीटर तपासायला मीटरसुद्धा लागत नाही. हीटरांना जोडणारी पट्टी काढायची, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत. आमचे चारपैकी दोनच लागले. बदलताना चारही बदलले. मामांचा एक नियम इथे सांगण्यासारखा आहे: हीटर कोमट इंजिनवरच सोडवायचे, आदल्या दिवशी बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून. गार इंजिनात जोर लावला की प्लग हेडमध्येच तुटतो, आणि शंभर-दोनशेच्या वस्तूसाठी हेड उतरवावं लागतं.

राहिला काळा धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, किंवा डिझेल नीट न फवारलेलं. म्हणून आधी हवा बघायची. एअर फिल्टर उघडला तर आत कास पठाराची लाल माती आणि उंदराने आणून ठेवलेला कापूस. तो बदलला तेवढ्यानेच पिकअप जाणवण्याइतका सुधारला. मग नोझल. चारही काढून पंप-नोझलवाल्याकडे दिले. तो हातपंपाला एकेक लावून दाब देतो. चांगला नोझल किर्र आवाज करत धुकं सोडतो. आमच्या एकाच्या टोकाला थेंब लोंबत होता, तोच काळ्या धुराचा धनी. टोकं बदलून दाब जुळवून घेतला. परत बसवताना खालचे वॉशर नवे घालायला सांगा, नाहीतर जुनेच दाबून बसवतात.

नोझलवाल्याने आपणहून एक सोय सुचवली, "पंपाचा डिझेल कमी-जास्त करायचा स्क्रू थोडा कमी करतो, पीयूसी काढा, मग परत वाढवू." याला मी ठाम नकार दिला. सील तोडून एकदा स्क्रू हलला की गाडी सहसा पूर्वीसारखी चालत नाही. आणि पीयूसीपुरती गाडी साफ करायची असेल तर एवढं सगळं कशासाठी केलं?

याच रांगेत थर्मोस्टॅटही आला, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपेसारखा भाग. आमच्या गाडीतून तो कुणीतरी कधीच काढून टाकला होता. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ चढताना गाडी तापते म्हणून हा उपाय सर्रास केला जातो. त्याने इंजिन नेहमीच गार चालतं, डिझेल जास्त खातं आणि धूर वाढतो. तापण्याचं कारण बहुतेक वेळा चोंदलेला रेडिएटर असतो. आम्ही रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट बसवला आणि नळाच्या पाण्याऐवजी कुलंट भरलं. तापमानाचा काटा आता अर्ध्याच्या खाली स्थिर असतो.

डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल टाका, पंप वाचतो, असा सल्ला मला अनेकांनी दिला. गंधक कमी झालं म्हणून डिझेल कोरडं झालं, असा त्यामागचा तर्क. गंधक खरंच कमी झालंय: बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५० पीपीएम चालायचं, २०२० पासून देशभर १०. पण वंगणाची कमी भरून काढणारं द्रव्य रिफायनरीतूनच मिसळून येतं. मी काही टाकत नाही. त्याऐवजी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू अधूनमधून सोडून पाणी काढतो, पावसाळ्यात जरा जास्त वेळा.

पीयूसीला परत जाण्याआधी मामांनी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, बदलायला लावला. धुराच्या तपासणीत इंजिन एकदम शेवटच्या फेऱ्यांपर्यंत रेस होतं. बेल्ट जुना असेल तर तुटायला हीच वेळ. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग पहिल्या गॅरेजवाल्याचं भाकीत खरं ठरतं. जुनी डिझेल घेणाऱ्याने बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरावं. सोबत तो ताणून धरणारा टेन्शनरही बदलावा, कारण मजुरी तीच पडते.

तपासणीला गाडी गरम नेली. यवतेश्वरचा घाट खालच्या गिअरमध्ये चढून उतरून आलो, म्हणजे सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी वाटेतच निघून जाते. रीडिंग आलं १.६.

कागदाचं काम त्या मानाने सरळ. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून परिवहनच्या वेबसाइटवर फॉर्म २५ भरता येतो. चारचाकीला नूतनीकरणाची फी ५००० रुपये, हा दर एप्रिल २०२२ पासूनचा. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, डिझेल कारला २०२४ मध्ये तो पाच वर्षांचा ३५०० रुपये होता. मुदत टळली तर महिन्याला ५०० जादा, म्हणून गाडीचं काम आधी आणि अर्ज नंतर असा उलटा हिशेब करू नये. दोन्ही एकदम सुरू करावं. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि चॅसिस नंबरचा पेन्सिल ठसा. नंबरावर गंज चढला असेल तर तिथे पॉलिश पेपर मारू नका, अक्षर पुसट झालं की नवीनच त्रास. मऊ फडक्याला डिझेल लावून हळूहळू पुसा.

आरटीओच्या तपासणीत साहेबांनी चॅसिस नंबर जुळवला, मग हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हॉर्न, टायर, पट्टे. सगळं आदल्या संध्याकाळी घरी बघून घेण्यासारखं आहे. पुढच्या गाडीला मागच्या नंबर प्लेटवरचा बल्ब लागत नव्हता म्हणून परत पाठवलं. दहा-वीस रुपयांचा बल्ब. आमचा हँडब्रेक मी आधीच आवळून घेतला होता. घरासमोरच्या चढावर गाडी धरते का बघणं ही आम्हा सातारकरांना मिळालेली मोफत सोय. नंतर उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवून घेतली. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्याच गाड्यांना ती लागते.

आरसी आता २०२९ पर्यंत आहे. भावाचा भंगारवाला अधूनमधून फोन करतो, मी त्याला भावाचा नंबर देतो. गेल्या महिन्यापासून क्लच जड लागायला लागलाय. केबल आहे की प्लेट, ते मामांनी शनिवारी गाडी आणून दाखवायला सांगितलंय.