तुम्ही विचारलंत म्हणून: लिफ्ट किती इंची आणि टायर कुठले?

दसरा-दिवाळी उलटली की हा फोन येतो. दारात नवी थार किंवा जिम्नी उभी असते, बॉनेटवरचा झेंडूचा हार अजून सुकलेला नसतो, आणि प्रश्न ठरलेला: "काका, पहिलीच फोर बाय फोर आहे. दोन इंची लिफ्ट घालू की तीन? आणि टायर एमटीच ना?" लिफ्ट म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी उंच करणं, आणि एमटी म्हणजे चिखलाचे टायर. साताऱ्यात आमचं टायरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शिवाय वीसेक वर्षं मी रविवारी गाडी चिखलात घालतो आणि सोमवारी तिची दुरुस्ती करतो, म्हणून लोक विचारत असावेत. फोनवर मी थोडक्यात सांगतो: लिफ्ट आत्ता नको, टायर एटी, म्हणजे सगळीकडे चालणारे घ्या, कंपनीच्याच मापाचे, आणि एक पावसाळा तसाच काढा. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "बरं, पण..." त्या 'पण'चं उत्तर फोनवर मावत नाही.

उसाच्या हंगामातली एखादी पाणंद डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टर-ट्रॉल्या ये-जा करून दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधे मातीचा वरंबा उभा राहतो. तुमची गाडी त्यात उतरली की सगळ्यात आधी काय टेकतं? मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, मधोमध असलेला डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा. तो वरंब्यावर बसला की चाकं नुसती फिरतात, आणि ज्याच्या चाकोऱ्या त्या ट्रॅक्टरवाल्यालाच हाक मारावी लागते. आता समजा, दोन इंची लिफ्ट घातलेली होती. लिफ्टमध्ये स्प्रिंग उंच होतात. स्प्रिंगच्या वर असलेलं सगळं, म्हणजे चेसिस, इंजिन, बॉडी, तुम्ही आणि शेजारच्या सीटवरचा डबा, दोन इंच वर गेलं. ॲक्सल स्प्रिंगच्या खाली. तो होता तिथेच आहे. गोळा त्याच वरंब्यावर, त्याच जागी बसणार. तुम्ही फक्त जरा उंचावरून बघणार.

ॲक्सल उचलायचा तर चाकच मोठं हवं. तिथला हिशेबही कंजूष आहे. थारच्या १६ इंची रिमवर कंपनी २४५/७५ आर १६ देते. २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या ७५ टक्के उंच. १६ हा रिमचा व्यास, इंचात. गुणाकार-बेरीज केली की टायरची उभी उंची ७७४ मिलिमीटर भरते. लोक मागतात २६५/७५ आर १६; तो भरतो ८०४. वाढले ३० मिलिमीटर. पण ॲक्सल चाकाच्या मध्यात असतो, त्यामुळे गोळ्याच्या वाट्याला आले त्यातले निम्मे, १५. करंगळीच्या जाडीएवढे. तेही पाच टायरच्या पैशांत, कारण स्टेपनी जुन्या मापाची ठेवून चालत नाही. फोर व्हील टाकल्यावर पुढचं-मागचं चाक वेगवेगळ्या उंचीचं असेल तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा, ते सोसत नाही.

त्या करंगळीपायी स्पीडोमीटर जवळजवळ चार टक्के कमी दाखवू लागतो. गिअर तेवढेच लांब होतात, म्हणजे चढाला ओढ कमी. चाक जड, म्हणून ब्रेक उशिरा लागतो. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चाक दगडावर चढवलं की टायर आत कुठेतरी घासतो. घासला की मालक परत दुकानात येतात, आणि मग लिफ्टचं बोलणं निघतं. खरं तर लिफ्टचं मोठं काम तेच, मोठ्या टायरला जागा करून देणं. गिऱ्हाईक मात्र उलट्या क्रमाने मागतं.

दुसरं एक काम लिफ्ट प्रामाणिकपणे करते: पोट वाचवते. बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि मधलं पोट टेकतं. थारच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २४५० मिलिमीटर, पाच दारांच्या जिम्नीचं २५९०, म्हणून जिम्नीचं पोट आधी लागतं. त्यामुळे जिम्नीवाल्याशी मी जरा कमी भांडतो. पण पोटाला लोखंडी पत्र्याची जाड गार्ड लावून, बांध तिरका घेऊन हे बरंच टळतं, आणि बांध तिरका घ्यायला फुकटात शिकता येतं.

माझी पहिली गाडी जुनी जिप्सी होती, चारी बाजूंना पाटे, म्हणजे पट्ट्यांचे स्प्रिंग असलेली. घेतल्यावर महिनाभरात मी तिला लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला टांगणारे दुवे, लावून घेतले. पाटेवाला जुना माणूस, म्हणाला, "गाडी उचलेल, पण हाताला हलकी लागेल." मला ते कौतुकच वाटलं. शॅकल लांब केला की पाट्याचं एक टोक खाली जातं आणि ॲक्सल थोडा कलंडतो. पुढच्या चाकांना सरळ राहायला लावणारा जो कोन असतो, कॅस्टर, तो त्यात कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडूनही ती सरळ जाते. तो उभा केला तर काय होईल, तसं. सत्तरच्या वेगाला माझी जिप्सी वाऱ्यावरच्या पतंगासारखी डावी-उजवी करायची. त्यावर मी एमटी टायर घातले होते, मोठमोठ्या ठोकळ्यांचे. रस्त्यावर घोंगावायचे, पोरं वळून बघायची. मी खूश.

जूनच्या पहिल्या पावसात पसरणी घाट उतरत होतो, वाईकडे. वेग काही नव्हता, चाळीस असेल. एका वळणावर मागचं टोक निघालं ते निघालंच. स्टिअरिंग उलट मारलं, तर ते हलकं, कुठे थांबवायचं तेच हाताला कळेना. मागचा कोपरा कठड्याला लागला आणि गाडी थांबली. कठड्यापलीकडे वाईचं अख्खं खोरं. चिखलात मला कधी काही झालं नव्हतं. झालं ते डांबरावर.

म्हणून टायरचं नीट सांगतो. एमटी म्हणजे चिखलाचा टायर: ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद, म्हणजे चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. एटी म्हणजे सगळीकडचा: ठोकळे लहान, जवळ, त्यांवर बारीक चिरा. एचटी हा निव्वळ रस्त्याचा. ओल्या डांबरावर पकड देतं ते रस्त्याला टेकलेलं रबर आणि पाणी तोडणाऱ्या त्या बारीक चिरा. एमटीत टेकणारं रबर कमी आणि चिरा जवळजवळ नाहीतच. आपल्या सह्याद्रीत तुम्ही चालवणार कशावर? मोजून बघा. शंभरातले नव्वद किलोमीटर घाटाचं ओलं डांबर, पाच किलोमीटर शेवाळलेला कातळ, उरलेला चिखल. शेवाळल्या कातळावरही ते मोठे टणक ठोकळे घसरतातच. तिथे मऊ, जवळजवळ बसलेलं रबर बरं.

आणि चिखल तरी सगळा एक कुठे असतो? भातखाचरातल्या राडीत एमटी मनापासून काम करतो, ते मी नाकारत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत एटी पुरतो, कारण तीन बोटं चिखलाखाली बहुतेक वेळा टणक तळ असतो. घाटावरची काळी माती मात्र वेगळीच जात. पाणी प्यायली की फुगते, चिकटते, फटी भरून टाकते, आणि दहा मीटरांत एमटी काय, एटी काय, चारी चाकांचे गुळगुळीत लाडू होतात. शेतकरी अशा दिवशी रानात ट्रॅक्टरसुद्धा घालत नाही. त्याला वेड लागलेलं नसतं; वापसा येईपर्यंत तो थांबतो. तुम्हीही थांबा.

ज्याला पैसे पडत नाहीत म्हणून ज्याबद्दल कुणी विचारत नाही, ते म्हणजे हवा. रस्त्यावर दाराच्या चौकटीवरचा स्टिकर सांगेल ती हवा; टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा नव्हे, ती टायरची कमाल मर्यादा असते. पण खडबडीत वाट लागली की थांबायचं, आणि बत्तीसची हवा अठरा-वीसवर आणायची. टायर खाली बसतो आणि जमिनीवर टेकलेला त्याचा ठसा लांब होतो. टोकदार दगडाला टायर ठोकरत नाही, त्याच्याभोवती वाकतो. सीटवरचे दणकेही निम्मे होतात. दोन इंची लिफ्टने जे मिळेल असं लोकांना वाटतं, त्यातलं पुष्कळसं दहा मिनिटं व्हॉल्वपाशी उकिडवं बसून मिळतं. पंधराच्या खाली मात्र साध्या रिमवर जाऊ नका. वळताना टायरची कड रिमवरून निघते आणि सगळी हवा एकदम जाते. हवा कमी असताना वेगही कमी. आणि डांबर लागलं की परत भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा बऱ्यापैकी काँप्रेसर गाडीत हवा. "पुढच्या पंक्चरवाल्याकडे भरू" म्हणणारे अठराच्या हवेवर ऐंशीने जातात, टायर तापतो, आणि भिंत फाटल्यावर आमच्याकडे येतात. भिंतीला पॅच बसत नाही. तो टायर गेला.

लिफ्टचे पैसे वाचवून पहिल्या वर्षी मी काय घ्यायला लावतो? काँप्रेसर, हवेचं मीटर, चेसिसला पक्के बसवलेले ओढायचे हूक, ताणणारा चांगला दोर, दोर अडकवायला दोन डी-शॅकल (लोखंडी कड्या), फावडं. आणि सोबत दुसरी गाडी. एकट्याने गेलेल्या माणसाला कुठलंही सामान पुरलेलं मी पाहिलेलं नाही. कासच्या पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर मात्र टायर कसलाही असो, चाक घालू नका. तिथे कातळावर बोटभर माती असते, तिच्यावरच ती सगळी फुलं. तुमच्या चाकाचा वळ तिथे कैक वर्षं राहतो.

कायद्याचं मी सहसा शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर लोक फोन ठेवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकात उत्पादकाने दिलेला जो तपशील असतो त्यापेक्षा गाडी वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "सगळेच करतात, कोण पकडतंय" हे मीही ऐकतो. पोलिसाने सोडलं तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, आणि त्याला चकचकीत नवे स्प्रिंग लगेच दिसतात. नव्या गाडीची वॉरंटी हा आणखी वेगळा वाद. म्हणूनही मी कंपनीच्या मापाचे टायर म्हणतो. त्या मापात चांगले एटी मिळतात, काही गाड्यांना तर कंपनीच ते लावून देते. आधी अंगणात जाऊन तेवढं बघा. निम्म्या लोकांना आपल्या गाडीवर काय आहे हेच माहीत नसतं.

टायर घेताना भिंतीवरचे चार आकडेही वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. स्वस्तात मिळणारा पाच वर्षं गोदामात पडलेला एमटी दिसायला नवाच दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं. दुकानदार असून हे सांगतोय.

हे सगळं ऐकूनही काहींना लिफ्ट हवी असते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर काहींना ती खरंच लागते. पोटावर, रॉकरवर (दाराखालच्या पट्टीवर) ओरखडे पडलेत, बांध तिरका घेऊनही टेकते, मागे कायम तंबू आणि सामान असतं म्हणून स्प्रिंग दबलेत, असं कुणी खुणा दाखवून सांगितलं की मी ऐकतो. तेव्हाही स्पेसर (जुन्याच स्प्रिंगला लावायचे ठोकळे) किंवा लांब शॅकल नकोत. आपल्या वजनाला जुळणारे स्प्रिंग आणि त्यांच्याच लांबीचे शॉक, जोडीने. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे जास्त उचललं की ड्राइव्ह शाफ्टचे जोड तिरक्या कोनात फिरतात आणि त्यांचे रबरी बूट फाटतात, म्हणून दीड इंचावर मी तरी थांबतो. जिम्नीला दोन्हीकडे अख्खे ॲक्सल. तिथे गाडी उचलली की ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो आणि कॅस्टरही बदलतो, दोन्ही दुरुस्त करावे लागतात. नाहीतर खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग असं थडथडतं की गाडी थांबवल्याशिवाय राहत नाही. ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ताणत नाहीत ना, हे जॅक लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अलाइनमेंट त्याच दिवशी करा. आणि पाचशे किलोमीटर झाले की परत या, सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. त्याचे आम्ही पैसे घेत नाही, तरी कुणी येत नाही.