कोरड्या गावातले मासेमारीचे चाकू

सोलापुरात समुद्र नाही. इथली मासळी उजनीची: रोहू, कटला, चिलापी, नशीब असेल तर मरळ. तरी मासेमारीचे जुने चाकू जमवायला हे गाव कोकणापेक्षा बरं. खारा वारा नसल्याने गंज पात्याला पोखरत नाही, वरवरच राहतो. भंगारात कुलपं, पाने आणि बंद घड्याळांच्या ढिगाखाली किंवा गड्ड्याच्या यात्रेत एखाद्या गोणपाटावर असा चाकू कधीमधी सापडतो. विकणाऱ्याच्या लेखी तो भाजीचा.

भाजीचा नाही, हे पात्याची पाठ सांगते. घडीच्या चाकूच्या लांब, अरुंद पात्याला पाठीवर दाते असतील, तर ते खवले काढायचे. करवतीचे दाते आळीपाळीने डावीउजवीकडे झुकवलेले असतात. हे एका रेषेत आणि बोथट. त्याच पात्याच्या टोकाला दोन छोटी शिंगं असतील, तर माशाच्या घशात रुतलेला गळ त्यांनी ढकलून सोडवायचा. शिंगं बहुधा मोडलेलीच भेटतात, आणि कुणीतरी कानस मारून टोक गोल केलेलं असतं. अशा चाकूची किंमत निम्म्यावर आली असं समजावं. मुठीत बारीक दगड बसवलेला असेल तर गळाला धार लावायची सोय आहे, मग फार घासाघीस करू नये.

बनवणाऱ्याचा ठसा पात्याच्या बुडाशी असतो. भिंग हवंच, आणि उजेड तिरका. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकूच्या कारखान्याची खूण म्हणजे तारा आणि माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकाकडे रुंदावणाऱ्या चार हातांचा क्रूस. पण या नावाच्या नकला इतक्या झाल्या की नुसत्या नावावर पैसे मोजू नयेत. मुकुटाशेजारी ‘व्ही आर’ अक्षरं व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे ठसा १९०१ पूर्वीचा. ‘स्टेनलेस’ कोरलेलं असेल तर चाकू १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद त्याच वर्षी तयार केलं. एकाच पात्यावर दोन्ही असतील तर चाकू मुकाट्याने खाली ठेवावा. लोहाराच्या हातची सुरी असेल तर ठसा शोधूच नये. हातोडीचे उथळ ठोके आणि मुठीत भरलेली लाख हीच तिची सही.

आणखी एक लबाडी चालते. चिंचेत नाहीतर लिंबात बुडवून पातं काळं करतात, म्हणजे जुनं दिसतं. वापराने आलेला काळपटपणा विषम असतो: धारेजवळ फिका, बुडाशी दाट. नख अडकवायच्या खाचेपासून धारेपर्यंत रंग सारखाच असेल तर तो कालचा. उलट चाकावर घासून चकचकीत केलेल्या पात्याच्या ठशाच्या कडा विरघळत्या साबणासारख्या दिसतात. चकाकी परत घालवता येते, ठसा परत आणता येत नाही.

इथला खरा शत्रू म्हणजे उन्हाळा. पारा बेचाळीसच्या वर गेला की शिंगाची मूठ आकसते आणि रिबिटाच्या भोकापासून केसासारखी चीर निघते. पत्र्याच्या छपराखाली किंवा माळ्यावर चाकू ठेवणं म्हणजे चिरेला आमंत्रण. घरातली सर्वांत थंड भिंत बघावी, डबा तिथे. लाकडी मुठीला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो.

पात्याला मात्र शिलाई मशिनचं तेल, तेही एक-दोन थेंब. घरात करडईचं तेल आहे म्हणून तेच बिजागरीत सोडणारे पुष्कळ. ते तेल हवेने सुकतं, चिकट होतं, धूळ धरतं, आणि दोन महिन्यांत पातं उघडायला पक्कड लागते. असा जाम झालेला चाकू रॉकेलमध्ये रात्रभर बुडवावा. जोर लावला तर स्प्रिंग तुटते. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची असेल तर नुसतं बिजागरीवर रॉकेल सोडावं.

सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात चोळलं की कापराचा वास येतो. सुई तापवून टोचायची परीक्षा इथे करू नये, ते भडकन पेटतं. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे चांगले चाकूही गंजतात, म्हणून त्याला डब्यात जागा नाही. चामड्याच्या म्यानातही चाकू ठेवू नये. म्यान शेजारी, चाकू कागदात.