कोठाराची पावती : चीनमधल्या एका मामलेदाराची कल्पित कैफियत, १७८७
मामलेदारकीचा शिक्का पहिल्याच दिवशी माझ्या हाती आला. कोठाराची पावती मात्र मी साठाव्या दिवशी दिली. मधल्या दिवसांविषयी लिहून ठेवतो, कारण नव्याने रुजू होणाऱ्याला ते कुणी सांगत नाही.

पेकिंगला नेमणुकांच्या खात्यात चिठ्ठी उचलली, ती हूनान प्रांताची निघाली. स्वतःच्या प्रांतात नोकरी करायची नाही, घरापासून ५०० ली (ली हे अंतराचं आमचं माप) अंतराच्या आतही नाही, असा आमच्याकडे कायदा. मी जिआंगसू प्रांताचा. प्रवासासाठी कर्ज काढलं, तर सावकाराचा माणूस वसुलीला थेट नोकरीच्या गावापर्यंत सोबत आला. मूळ पगार वर्षाला ४५ लिआंग (चांदी तोलायचं आमचं वजन) चांदी. सचोटीने राहावं म्हणून सरकार वेगळा भत्ता देतं, तो माझ्या जागेला ६०० लिआंग. कायद्याचा आणि महसुलाचा असे दोन खाजगी सल्लागार पदरी ठेवले की तो संपतो. आणि ते ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. परीक्षेसाठी आम्ही वर्षानुवर्षं निबंध लिहितो, हिशेबाची वही वाचायला कुणी शिकवत नाही.

रुजू होण्याआधीची रात्र नगरदेवाच्या देवळात उपासाने काढली. सकाळी कचेरीत खुर्चीवर बसलो तेव्हा समोरच्या आवारात तो दगड दिसला, जो प्रत्येक कचेरीत असतो: तुझं वेतन म्हणजे रयतेचं रक्तमांस, रयतेला छळणं सोपं, वरच्या आभाळाला फसवणं अवघड.

नियम असा की आधीच्या अधिकाऱ्याचा हिशेब नव्या अधिकाऱ्याने दोन महिन्यांत तपासायचा आणि बरोबर असल्याची पावती द्यायची. पावती दिली की पुढे निघेल ती तूट आपली. पावती मिळेपर्यंत जुन्या अधिकाऱ्याला गाव सोडता येत नाही.

चांदीची तपासणी तीन दिवसांत उरकली. कोठारात वहीप्रमाणे १२,००० शी (धान्य मोजायचं आमचं माप) भात हवं होतं. महसूल पाहणाऱ्या कारकुनांनी दार उघडलं, ढीग छताला टेकलेले. मला समाधान वाटलं. माझे महसुलाचे सल्लागार शाओशिंगचे, या कामात मुरलेले. ते हळूच म्हणाले, “यजमान, ढीग डोळ्यांनी मोजत नाहीत. सगळं बाहेर काढून मापाने भरा.”

मापायला अकरा दिवस लागले. दोन ढिगांच्या पोटात चटया आणि फोलपट निघालं. तूट १,९०० शी. कारकुनांना विचारावं तर त्यांची बोली मला कळेना, आणि दुभाषाही त्यांच्यातलाच! अधिकारी दोनतीन वर्षांनी बदलतो. कारकून इथलेच, बापाच्या जागी मुलगा. मग सल्लागारांनीच जुन्या वह्या एकेक करून लावल्या.

इतर काम थांबत नव्हतंच. तीन आणि आठ आकड्यांच्या तिथींना फिर्यादी घ्यायच्या. त्यातच एका खेड्यात खून झाला. प्रेताची तपासणी अधिकाऱ्याने स्वतः हजर राहून करून घ्यायची असते, त्यात पाच दिवस गेले.

विसाव्या दिवशी वरिष्ठांचं पत्र आलं: सामोपचाराने मिटवावं. त्याच आठवड्यात जुने अधिकारी रात्री भेटायला आले. म्हातारी आई घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत अडकले होते. त्यांनी लाकडी सामान आणि एक कर्जरोखा देऊ केला. मी नाही म्हटलं. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, “यातली निम्मी तूट मला मागच्याकडून आली. ते वयाने वडील होते. त्यांच्यादेखत ढीग उपसायची मला लाज वाटली.”

मलाही तीच लाज वाटत होती. सही करून टाकावी असं मनात आलंही. पण हे भात उन्हाळ्याच्या तोंडाला घराघरातलं सरलं की लोकांना द्यायचं असतं. लोक आम्हाला मायबाप म्हणतात. चटयांवर त्यांनी काय शिजवायचं?

तूट आकड्यांसकट लिहून काढली, त्यावर जुन्या अधिकाऱ्यांची कबुली घेतली आणि कागद वर पाठवला. तो परत आला. अक्षरही न बदलता मी पुन्हा पाठवला. त्या काळात झोप लागत नसे. वरिष्ठांच्या मनातून उतरलो तर माझ्या वार्षिक शेऱ्यात काय लिहिलं जाईल हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी जुन्या अधिकाऱ्यांनी गावाकडची जमीन विकली. अठ्ठावन्नाव्या दिवशी भाताच्या नावा घाटाला लागल्या. प्रत्येक पोतं मापलं, १४० शी कमीच भरलं. तेवढी तूट पावतीत स्पष्ट लिहिली, ती माझ्या भत्त्यातून दोन वर्षांत भरून देण्याचं कबूल केलं, आणि शिक्का उमटवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईला नावेत चढवताना मी घाटावर होतो. तिथून परत येऊन कोठाराच्या किल्ल्या कारकुनांकडून मागून घेतल्या. पावसाळा जवळ आला होता आणि तळाचं भात दमट लागत होतं. ते त्याच दुपारी आवारात उन्हात पसरायला लावलं.