23 ठिपके, 73 ओळी

आत्यासमोर कागद उलगडला तेव्हा तिने चष्मा नाकावर नीट बसवला, बोटाने दोन-चार ओळी मोजल्या आणि विचारलं, "रांगोळी आहे का गं ही? किती ठिपके, किती ओळी?"

"23 ठिपके, 73 ओळी."

"अंगण केवढं आहे तुझं?"

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, अंगण कुठलं. मला गोधडी हवी होती. आत्या आमच्या घरातली शेवटची गोधडी शिवणारी. ती नारायणगावजवळ राहते, आणि मला जे शिवायचं होतं ते तिच्याशिवाय जमणार नाही हे मी आधीच ओळखून होते.

कागदावर होता अरेसिबोचा निरोप. 16 नोव्हेंबर 1974 रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीने, परग्रहावर कोणी असलंच तर त्यांच्यासाठी, शौरी तारकासमूहातल्या एम13 या तारकागुच्छाकडे पाठवलेला. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी तो रचला, कार्ल सेगन आणि आणखी काही जणांनी हातभार लावला. सगळे मिळून 1679 आकडे, प्रत्येक एकतर शून्य नाहीतर एक; पाठवायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. 1679 ला 23 आणि 73 या दोन मूळ संख्यांनीच भाग जातो. म्हणजे पलीकडे कोणी मोजणारं असेल तर त्याला हे ठिपके चौकटीत मांडायचे दोनच मार्ग. 73 ठिपके, 23 ओळी मांडल्या तर नुसता कचरा. 23 ठिपके, 73 ओळी मांडल्या की चित्र उमटतं: वर 1 ते 10 आकडे, मग हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस यांचे अणुक्रमांक, डीएनएचे घटक आणि त्याचा पीळ, माणूस, सूर्यमाला आणि तळाशी खुद्द दुर्बीण.

हे चित्र मगांवर, टी-शर्टांवर असतं, लोक दंडावर गोंदवूनही घेतात. माझ्याकडे दोन टी-शर्ट आहेत. 1 डिसेंबर 2020 ला त्या दुर्बिणीचा वर टांगलेला 900 टनांचा सांगाडा 305 मीटरच्या तबकडीवर कोसळला. जिच्यावर जेम्स बाँड मारामारी करून गेला तीच ही तबकडी. तो व्हिडिओ मी ऑफिसात पुन्हापुन्हा पाहिला आणि डबा तसाच घरी परत आणला. गोधडीचं डोक्यात आलं ते त्याच आठवड्यात. हात लावायला मात्र पुढची तीन वर्षं गेली.

पार्श्वभूमीच्या काळ्या रंगाचा प्रश्न आईने सोडवला. तिची एक जुनी सुती चंद्रकळा होती, पदराशी विरलेली. बाकीचे रंग घरातलेच: बाबांचा लेंगा, आजीच्या नऊवारीचा हिरवा तुकडा, माझा कॉलेजातला पिवळा कुर्ता. मूळ निरोपात रंग नव्हतेच. हल्ली दिसणारे रंग नंतर कोणीतरी भरलेले, त्यामुळे माणूस लाल आणि सूर्य पिवळा करायला मला कोणाची परवानगी नको होती.

प्रत्येक ठिपक्याला कापडाचं एक चौकोनी घर, शिवून झाल्यावर एक इंचाचं. म्हणजे गोधडी 23 इंच रुंद, 73 इंच लांब, आणि बाजूने लुगड्याचे रुंद काठ लावून अंगभर. शिवणीला दोन्हीकडून पाव-पाव इंच सोडायचं, म्हणून तुकडा कापायचा दीड इंचाचा. पहिल्या रविवारी मी 200 तुकडे कापले आणि अंगठ्याला फोड आला. आत्या माझ्या मागे बसून लसूण सोलत होती.

"या ओळीत काळ्याच्या शेजारी काळं, त्याच्या शेजारी परत काळं. मग तीन तुकडे कशाला? एकच लांब काप की."

मी तिला समजावून सांगितलं की काळं घर म्हणजे शून्य, आणि शून्य हेसुद्धा अक्षरच आहे, न लिहिलेलं नव्हे, लिहिलेलं शून्य. ती म्हणाली, "बरं." तिसऱ्या पट्टीनंतर मी सलग काळं एकत्र कापायला लागले. आत्या काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची सवय आमच्या घरात सगळ्यांना आहे.

आणि तिथेच पहिला घोटाळा केला. तीन घरांचा एक तुकडा म्हणजे दीड त्रिक साडेचार, असा हिशोब करून मी साडेचार इंचांचे तुकडे कापत सुटले. पट्टी शिवून खाली ठेवली तर शेजारच्या पट्टीपेक्षा चांगलीच लांब. मधल्या दोन शिवणी नाहीतच, तर त्यांचं मार्जिन कशाला धरायचं? तीन घरांना साडेतीन इंच, पाच घरांना साडेपाच. घरं मोजा आणि अर्धा इंच मिळवा, बस. हे मला कळेपर्यंत 40 तुकडे कापून झाले होते. ते छाटून घेतले, कापड वाया गेलं नाही एवढंच.

दुसरी गोष्ट पाव इंचाची. मशीनच्या पायाची कड धरून शिवलं की साधारण पाव इंच येतं, पण 'साधारण' इथे चालत नाही. सगळी घरं सुटी कापली तर एका पट्टीत 22 शिवणी. प्रत्येकीत एक मिलिमीटर जास्त दाबलं तर दोन्ही बाजूंचं मिळून दोन मिलिमीटर जातं, आणि पट्टी 44 मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ पावणेदोन घरांनी आखडते. मग वरच्या ओळीचं घर खालच्या ओळीच्या घरावर बसत नाही. शेवटी मशीनवर मापाने चिकटपट्टी लावली आणि कापड तिच्या कडेला टेकवत गेले. शिवण इस्त्रीने दाबताना एका पट्टीत सगळ्या डावीकडे, पुढच्या पट्टीत सगळ्या उजवीकडे दाबायच्या, म्हणजे दोन पट्ट्या जोडताना सांधे एकमेकांत अडकून बसतात, घसरत नाहीत. आत्याला इस्त्री लागतच नव्हती. ती अंगठ्याचं नख शिवणीवरून एकदा फिरवायची आणि कापड मुकाट्याने आडवं व्हायचं. मी करून पाहिलं, नख तुटलं.

ऑक्टोबर ते जानेवारी, रात्री जेवणं झाली की एक पट्टी. काही ओळी पूर्ण रिकाम्या आहेत, त्या दिवशी सुट्टी. शनिवारी गठ्ठा घेऊन नारायणगावची एसटी.

जानेवारीत पट्ट्या एकमेकींना जोडून झाल्या. आत्याने खाली जुन्या धोतराचे दोन थर पसरले, त्याखाली अस्तर, वर माझं काम, आणि एका कडेने धावदोरा घालायला घेतला. बोटभर अंतरावर एक ओळ. मी चहा करत होते.

"अगं, या माणसाची बरगडी मोडलीय का?"

मी जाऊन पाहिलं. मान ठीक, पाय ठीक, पण छातीची पट्टी दोन घरं उजवीकडे सरकलेली. एक ओळ गठ्ठ्यातून उलटी उचलली गेली होती. एका ओळीची पट्टी अर्धी गिरकी घेऊन लावली की डावं उजवीकडे जातं, आणि तुकडे सगळे बरोबर असल्यामुळे मोजूनही चूक सापडत नाही. त्यात या ओळीत माणसाच्या उजव्या अंगाला जगाच्या लोकसंख्येचा काही भाग आहे, निरोपाच्या हिशोबाने सव्वाचार अब्जांच्या वर लोक. ते आता डावीकडे गेले होते, जिथे माणसाची उंची मांडलेली असते.

मी म्हटलं, राहू दे, कोणाला कळणार आहे. आत्याने ब्लेड मागितलं. तिने दोन शिवणी उसवल्या, पट्टी फिरवली, टाचण्या लावल्या आणि हातानेच परत शिवली. त्यात सगळी दुपार गेली. निरोपातल्या एकाही खुणेचा अर्थ तिला ठाऊक नव्हता, पण चित्र वाकडं आहे हे तिला चार हातांवरून दिसलं. मी ते 20 वर्षं बघत आलेय आणि मला दिसलं नव्हतं. पुन्हा असं काही शिवायचं झालं तर प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला आधी सेफ्टी पिन.

फेब्रुवारीत आत्याला खोडदला घेऊन गेले. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे मोठं प्रदर्शन भरतं. जीएमआरटी या तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, तिच्या गावातून जाता-येता दिसतात. गावात त्यांना छत्र्या म्हणतात. जवळून पाहिल्यावर ती म्हणाली, "ही तर चाळण आहे. यातून सगळं गळून नाही का जात?" खरंच तारेची जाळी आहे ती. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी मुद्दाम तसं केलं. ज्या लहरी पकडायच्या त्या जाळीच्या भोकांपेक्षा खूप लांब असतात, त्यांना ती जाळी भरीव आरशासारखीच. वजन कमी, वारा आरपार आणि खर्चही आटोक्यात. आत्याने हे लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आणि यातून आपण निरोप कधी पाठवला?" ही दुर्बीण फक्त ऐकते, म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं.

भाचा दहा वर्षांचा. त्याने गोधडी पाहिली आणि सूर्यमालेतले ग्रह मोजले. "नऊ? प्लूटो काढ." म्हटलं, पत्र 1974 चं आहे, पोस्टात टाकलेल्या पत्रात खाडाखोड करता येत नाही. एम13 पर्यंत पोचायला अजून जवळजवळ 25,000 वर्षं आहेत, तोवर प्लूटोचं काय ते ठरेल.

गोधडी शेवटी 73 नव्हे, साडेसत्तर इंच भरली. पट्ट्या एकमेकींना जोडतानाच्या शिवणींनी तेवढं खाल्लं. निरोपातला माणूस 176 सेंटिमीटरचा, म्हणजे त्याचे पाय जेमतेम झाकतात.

ती आत्याकडेच राहिली. परवा गेले तेव्हा खाटेवर होती, दुर्बिणीची बाजू उशीशी आणि 1 ते 10 आकडे पायांकडे. मी सांगितलं, "आत्या, उलटी घेतलीस, माणूस डोक्यावर उभा आहे."

"मग काय झालं," ती म्हणाली, "छत्री डोक्याशीच हवी ना."