ग्रब दिसतोय म्हणजे डिस्क जिवंत आहे

लॅपटॉप आला तोच "हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल" असं निदान घेऊन. आत एका कर सल्लागाराचा टॅलीचा डेटा, बॅकअप नाही. काळ्या पडद्यावर फक्त 'ग्रब>'.

ग्रब म्हणजे मशिन सुरू होताना सिस्टीम उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम, आणि तो डिस्कवरच असतो. डिस्क गेली असती तर तो आला कुठून? तिथेच 'एलएस' टाइप केलं, सगळी पार्टिशनं (डिस्कचे भाग) दिसली. मालकांना विचारल्यावर उलगडा झाला: विंडोजसोबत टाकलेलं उबुंटू (दुसरी, लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम) वापरात नव्हतं, म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचं पार्टिशन उडवलं होतं.

यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली, मशिन सुरू करणारी व्यवस्था) असलेल्या मशिनवर ग्रबची सुरुवातीची फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूट फाइलींसाठीच्या छोट्या भागात असते, विंडोजच्या बूट मॅनेजरशेजारी. मेनू आणि बाकीचा पसारा उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. ते उडवलं तरी सुरुवातीची फाइल राहते, आणि मदरबोर्डच्या बूट यादीत पहिलं नाव उबुंटूचंच. डिलीट करताना विंडोज एवढंच बजावते, की हे पार्टिशन आम्ही बनवलेलं नाही, यात दुसऱ्या सिस्टीमचा डेटा असू शकतो. मशिन त्यातूनच सुरू होतंय, हे सांगत नाही. हे मला अजून खटकतं.

आधीच्या कारागिराने 'बूटरेक /फिक्सएमबीआर' चालवलं होतं. तो जुन्या बायोसचा उपाय, डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड नव्याने लिहिणारा. यूईएफआय तो कोड वाचतच नाही. ते जमलं नाही की थेट फॉरमॅट, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय.

ग्रबमध्ये 'एक्झिट' टाकलं की बऱ्याचदा विंडोज उघडते. पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल, तर त्या वाटेने गेल्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती मालकांकडे नसते. म्हणून मशिन बंद करून एफ12ने बूट मेनू उघडला आणि थेट विंडोज बूट मॅनेजर निवडला. डेस्कटॉप आला.

आधी डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर घेतला, रिकव्हरी की उतरवून ठेवली. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'माउंटव्हॉल एस: /एस' देऊन ईएफआय पार्टिशन उघडलं आणि त्यातलं फक्त 'उबुंटू' फोल्डर काढलं. शेजारचं 'मायक्रोसॉफ्ट' फोल्डर गेलं तर विंडोज खरोखरच उठणार नाही. शेवटी 'बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर'ने यादी काढून उबुंटूची नोंद पुसली.

उबुंटू काढायचंच असेल तर आधी मशिनच्या यूईएफआय (बोलीभाषेत बायोस) सेटिंगमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा, एकदा रीस्टार्ट करून बघा, मगच पार्टिशनला हात लावा.